'मियते'चे गुण कापू नका: खान्देशातल्या गायन स्पर्धांच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांच्या गायन स्पर्धा आणि गॅदरिंग ठरवणारे सगळे संयोजक, परीक्षक, आणि लग्नाच्या-हळदीच्या स्टेजवर माईक हातात असणारे सूत्रसंचालक

सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या भागातल्या एका आंतरशालेय गायन स्पर्धेच्या नियमांच्या कागदावर दोन गोष्टी छापून आल्या. एक म्हणजे बोलीभाषेतल्या शब्दांचे उच्चार प्रमाण मराठीप्रमाणे करावेत आणि दुसरी म्हणजे वेळ कमी असल्यामुळे फक्त धृपद आणि एकच कडवं म्हणावं. स्पर्धेचा विषय होता 'बहिणाबाईंची गाणी'. हे वाचून मी गप्प बसले असते तर मला झोप लागली नसती म्हणून हे पत्र लिहितेय, आणि एका स्पर्धेपुरतं लिहीत नाहीये, कारण हाच कागद थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो हे तुम्हालाही माहितीये.

मी यावल तालुक्यातली, लेवा पाटील घरातली. गाण्याचे क्लास घेते, मुलांना पेटीवर बसवते, शाळांच्या समूहगीतांना साथ करते. माझ्या क्लासमधली एक आठवीतली मुलगी त्या स्पर्धेत 'अरे संसार संसार' म्हणायला उभी राहिली. तिच्या घरी केळीची शेती, घरात आजी, आणि बोलणं सगळं आपल्या बोलीतलं. तिने 'मियते भाकर' म्हटलं, म्हणजे 'मिळते भाकर'. परीक्षकांनी स्टेजवरच विचारलं, 'ळ म्हणता येत नाही का बेटा?' आणि उच्चाराचे गुण कापले. पोरगी खाली आली ती मान खाली घालून. मला म्हणाली, 'ताई, आजी तर असंच म्हणते ना.' तिची आजी असंच म्हणते, माझी जिजी असंच म्हणायची, आणि मुख्य म्हणजे बहिणाबाई असंच म्हणायच्या. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेली ही बाई, लिहिता-वाचता न येणारी, शेतात आणि जात्यावर गाणी रचत गेली, ती मुलाने, सोपानदेव चौधरींनी जपली आणि तिच्या पश्चात १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. त्या पुस्तकात 'मियते' आहे. तिचं नाव २०१८ मध्ये आपण जळगावच्या विद्यापीठाला दिलं. नाव विद्यापीठाला चालतं आणि तिचा उच्चार आठवीतल्या मुलीच्या तोंडात चालत नाही, हे कसं?

शाळेत पसायदान म्हणताना कोणी 'आता विश्वात्मके देवे' प्रमाण मराठीत करून म्हणा असं सांगतं का? नाही सांगत, कारण ते ज्ञानोबांचे शब्द आहेत. मग बहिणाबाईंचे शब्द तेवढे दुरुस्त करायचे का, ती शेतकरी बाई होती म्हणून? मला तरी दुसरं कारण सापडलं नाही.

पण उच्चाराचा विषय एकवेळ बाजूला ठेवा. माझं खरं भांडण दुसऱ्या नियमाशी आहे, एकाच कडव्याशी. त्याने गाण्याचा अर्थ उलटा होतो आणि तो उलटा अर्थ आता लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय.

'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताले चटके, तंव्हा मियते भाकर.' हे सगळ्यांना पाठ. हळदीच्या स्टेजवर अँकर हे म्हणतो आणि नवरीकडे बघून म्हणतो, बघा ताई, आता चटक्यांची तयारी ठेवा, आणि सगळा मांडव हसतो. स्वयंपाकघरात लावायच्या पाट्यांवर हे असतं. भांडण होऊन माहेरी आलेल्या मुलीला समजूत घालताना मावश्या-आत्या हेच म्हणतात, अगं बहिणाबाईंनी म्हटलंयच ना, आधी हाताला चटके. म्हणजे गाण्याचा अर्थ काय झाला तर संसार म्हणजे चटके आणि बाईने ते मुकाट्याने सोसायचे. मी अशा समजुती डोळ्यांनी बघितल्यात आणि प्रत्येक वेळी वाटतं की या बायकांना पुढचं कडवं माहिती असतं तर बरं झालं असतं.

कारण पुढचं कडवंच म्हणतं, 'अरे संसार संसार, खोटा कधी म्हनू नही, राउळाच्या कयसाले लोटा कधी म्हनू नही.' देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नको. त्याच्या पुढे, 'नही रडनं कुढनं, येड्या, गयातला हार म्हनू नको रे लोढनं.' आता लोढणं काय असतं हे शेतात वावरणाऱ्याला सांगायला नको, पळणाऱ्या गुराच्या गळ्यात जे जड लाकूड बांधतात ते. बहिणाबाई म्हणतात गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको. म्हणजे ज्या गाण्याला आपण संसाराचं रडगाणं करून टाकलं ते गाणं रडू नको असं सांगतंय.

मग पुढे ती एकेक वस्तू हातात घेऊन दाखवते. वेलावरचा खिरा, 'एका तोंडामधी कडू, बाकी अवघा लागे गोड.' आपण काकडीचं देठाकडचं टोक कापून चोळतो, फेस काढतो, तेवढाच कडूपणा. मग भिलावा, म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, म्हणून लोक त्याला घाबरतात, पण बहिणाबाई म्हणतात त्याला 'गोड भीमफूल, मधी गोडंब्याचा ठेवा' आहे, म्हणजे त्याच फळाला गोड भाग लागतो आणि ते जाळणारं टरफल फोडलं की आत गोडंबी निघते, जी आपण थंडीत लाडवात घालतो. मी क्लासमध्ये मुलांना गोडंबी आणून दाखवली, खायला दिली, आणि सांगितलं ही बिब्ब्याच्या पोटातून निघते. एकाही मुलाला माहिती नव्हतं, सातपुड्याच्या पायथ्याला राहून. त्यानंतर त्या कडव्यात त्यांचा आवाजच बदलला, मला शिकवावं लागलं नाही. तसंच सागरगोटे, 'शेंग वरतून काटे' आणि आत गुळगुळीत, मुली खेळायच्या ते.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी स्टेजवर कधीच म्हटली जात नाही. 'ऐका संसार संसार, दोन्ही जीवांचा इचार.' दोन्ही जीवांचा. एकट्या बाईचा नाही. हे गाणं नवरीला ऐकवायचं असेल तर नवरदेवाला शेजारी बसवून ऐकवा, आणि अख्खं ऐकवा. तरुणपणीच नवरा गेलेली, पोरं लहान असताना घर ओढलेली बाई संसाराला खोटं म्हणू नको म्हणते, तिला चटक्यांचा अनुभव आपल्यापेक्षा जास्त होता. तिच्या तोंडून पहिल्या दोन ओळी काढून घ्यायच्या आणि बाकीचं टाकून द्यायचं आणि वर तिचंच नाव सांगून पोरींना गप्प करायचं, हे मला मान्य नाही.

१९६१ च्या 'मानिनी' सिनेमामुळे बहिणाबाईंची गाणी महाराष्ट्रभर गेली, ते फार चांगलं झालं. सिनेमाच्या गाण्याला वेळेची मर्यादा असते हे समजू शकते. पण आपल्याकडे पुस्तक आहे, घरात आज्या आहेत, आणि स्पर्धा आपलीच आहे. मिनिटं कोणी वरून ठरवून दिलेली नाहीत.

दुसरं गाणं 'खोप्यामधी खोपा'. यावर गॅदरिंगला डान्स बसवतात, मुलींना नऊवारी नेसवतात, केसांचा खोपा घालतात, त्यावर गजरा. लहान मुलींना खरंच वाटतं की हे केसांच्या खोप्याचं गाणं आहे, मी विचारून बघितलंय. तो सुगरण पक्ष्याचा खोपा आहे, घरटं, विहिरीवरच्या बाभळीला लटकणारं. आणि ज्यांना घरटं कळतं ते म्हणतात आईच्या मायेचं गाणं आहे. माया आहेच, 'तिचा पिलामधी जीव.' पण गाणं तिथे थांबत नाही. 'खोपा इनला इनला जसा गिलक्याचा कोसा' असं म्हणून ती विणकाम दाखवते. गिलकं म्हणजे बाकी महाराष्ट्राचं घोसाळं, ते वेलावर वाळलं की आत जाळी राहते ना, अंग घासायची, तोच कोसा. हे खान्देशात न सांगता कळायला पाहिजे. आणि शेवटी ती सरळ माणसाकडे वळते, 'तिची उलूशीच चोच, तेच दात, तेच ओठ, तुले देले रे देवानं दोन हात, दहा बोटं.' हे माणसाला कामाचं विचारणं आहे, एवढ्याशा चोचीने तिने एवढं केलं, तू दहा बोटांनी काय केलंस? तुमचा डान्स या ओळीच्या आधीच संपतो. माझं म्हणणं आहे की समोर बसलेल्या पालकांनी ही ओळ ऐकूनच घरी जावं.

आणि हो, सूत्रसंचालक मंडळींना हात जोडून सांगते, बहिणाबाईंची गाणी अहिराणीत आहेत असं म्हणू नका. ती लेवा गणबोलीत आहेत. यावल, रावेर, भुसावळ, जामनेर या पट्ट्यात ती बोलतात. अहिराणी धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, तिकडे सटाणा-मालेगावपर्यंत. दोन्ही आपल्याच, दोन्ही गोड, एकमेकींच्या शेजारी राहतात, 'डोळा'चा 'डोया' दोघींमध्ये होतो, पण त्या दोन आहेत. खान्देशातल्याच स्टेजवरून हे चुकीचं सांगितलं जातं तेव्हा बाहेरच्यांना काय बोलणार.

अहिराणीवरूनच पुढचं. 'हाई झुमकावाली पोर' हे गाणं आता पुण्या-मुंबईच्या लग्नातही वाजतं, रील्स निघतात, आनंद आहे. पण आपल्याच कॉलेजच्या कार्यक्रमात अँकरने ते 'हाय हाय झुमकावाली' असं करून, डोळा मारून, पब्लिककडून शिट्ट्या वाजवून घेतल्या. 'हाई' म्हणजे ही. ही झुमकेवाली मुलगी नदीच्या काठाने चालली, एवढं साधं सरळ चित्र आहे ते, 'नदीना धारे' म्हणजे नदीकाठी. त्यात सुस्कारा नाही आणि छेड काढणंही नाही. तसंच अहिराणी गाण्यात 'मनी' आलं की बाहेरच्यांना मनातली किंवा मांजर वाटते, 'मनी माय' म्हणजे माझी आई. हे धुळ्याच्या मुलाला माहिती असतं, पण स्टेजवर गेल्यावर त्याला ते सांगायची लाज वाटते कारण शाळेत त्याला ती बोली बोलू दिलेली नसते. म्हणजे आधी मुलांच्या तोंडून बोली काढायची आणि मग त्याच बोलीच्या गाण्यावर न समजता नाचायला लावायचं, हे चाललंय.

राज्यगीताचंही तसंच. २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' शाळाशाळांत म्हणतात. पहिल्याच कडव्यात पहिली नदी कोणती, 'रेवा'. माझी मावसबहीण नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे, तिच्या शाळेत आलेल्या कागदावर अर्थ दिला होता, 'रेवा : एका नदीचे नाव.' बस. अहो, रेवा म्हणजे नर्मदा! ती महाराष्ट्राला शिवते ती फक्त नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि धडगावच्या उत्तर सीमेवरून. सरदार सरोवराच्या पाण्यात तिथली ३३ गावं बुडितात आली. त्या गावांतून उठून पुनर्वसनात आलेल्या घरांतली मुलं रोज सकाळी रेवा म्हणतात आणि त्यांना कोणी सांगत नाही की राज्याच्या गाण्यातली पहिली नदी ही तुझ्या आजोबांच्या गावची नदी आहे. मावसबहिणीने सांगितल्यावर एक मुलगा घरी जाऊन आजोबांना ते गाणं म्हणून दाखवून आला. कागदावर चार शब्द जास्त छापायला काय लागतं?

पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो' याचा अर्थ दुष्टांचा नाश होवो असा सांगणारे आजही भेटतात. ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागतच नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावो आणि त्यांना चांगल्या कामाची आवड लागो एवढंच मागतात. रोज म्हणायच्या प्रार्थनेचा अर्थ उलटा शिकवायचा म्हणजे कमाल आहे. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला 'भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी' लावणाऱ्यांनी तर पुढची ओळ, 'अर्ध्यावरती डाव मोडिला', एकदा कान देऊन ऐकावी आणि मग ठरवावं, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए' हे गाणं १९८४ साली आलं. लोकांनी मोठ्याने म्हणायचं धृपद तेवढं पकडलं आणि ते झेंडे फडकवायचं गाणं झालं. कडव्यांत आहे व्हिएतनामच्या युद्धावरून परत आलेला, काम न मिळालेला, आयुष्य रस्त्यावर आलेला माणूस. त्याच वर्षी निवडणुकीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या गायकाचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे असं सांगितलं. एवढ्या मोठ्या देशात, त्यांच्याच भाषेतल्या गाण्याचं हे झालं, कारण कडवी कोणी ऐकली नाहीत. आपल्याकडे तर आपण कडवी नियमानेच बंद करतोय.

आणि वेळ नाही हे कारण मला पटत नाही. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशी देवीच्या, रात्री आपल्या बायका बसतात, रोटांचा वास घरभर असतो, एकीने ओळ उचलली की दुसऱ्या धरतात आणि गाणं शेवटपर्यंत जातं. एकीला कडवं आठवलं नाही तर कोपऱ्यातली म्हातारी पुढचं सांगते. तिथे कोणी घड्याळ लावत नाही. स्पर्धेत पाहुण्यांच्या सत्काराला आणि भाषणांना वेळ मिळतो, शाल-श्रीफळ होतं, तेवढ्यात दोन कडवी सहज बसतात. मी पेटीवर बसून हे सगळं बघत असते.

तर माझ्या मागण्या सरळ आहेत.

बोलीतल्या गाण्यांना 'प्रमाण उच्चार' हा नियम काढून टाका. उलट जो मूळ उच्चार राखेल त्याला गुण द्या. 'मियते' म्हटलं म्हणून कोणाचाही एक गुणसुद्धा कापू नका आणि स्टेजवर सगळ्यांसमोर मुलाला त्याच्या घरच्या बोलीवरून बोलू तर अजिबात नका. ज्या मुलीचे गुण कापले तिच्या शाळेला लेखी कळवा की तिचा उच्चार बरोबर होता. नंबर नाही दिला तरी चालेल, पण हे पत्र तिला मिळालं पाहिजे.

कडवी किती आणि कोणती हे गाणाऱ्याला ठरवू द्या. वेळ थोडा वाढवा, स्पर्धक कमी घ्या, प्राथमिक फेरी वेगळी घ्या, काहीही करा पण धृपद आणि एक कडवं हा नियम नको.

परीक्षकांत एक तरी माणूस असा बसवा ज्याला ती बोली येते. पदवी नसली तरी चालेल. गावातली गाणारी म्हातारी बाई बोलवा, तिला मानाने खुर्ची द्या.

गाण्याचे कागद व्हॉट्सॲपवरून उचलून छापू नका, पुस्तकातून घ्या, आणि सोबत अवघड शब्दांचा अर्थ द्या, खरा अर्थ, 'एका नदीचे नाव' असा नाही. अँकरने गाण्याआधी दोन वाक्यं बोलायचीच असतील तर ती गाण्याच्या अर्थाची बोलावीत, नवरीच्या चटक्यांची नकोत.

यातलं काहीही खर्चाचं नाही. अर्थ सांगायला मी स्वतः यायला तयार आहे, माझ्यासारख्या गाण्याच्या आणखी बाया आहेत, त्याही येतील, मानधन नको. पुढच्या स्पर्धांचे कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर निघतात. त्याच्या आधी हे दोन नियम बदलले की नाही ते कळवावं, कारण माझ्या क्लासच्या मुली यंदा 'अरे संसार संसार' अख्खं बसवतायत, सगळ्या कडव्यांसकट, 'य' सकट, आणि त्या तेच म्हणणार आहेत.

आपली,
गाण्याचे क्लास घेणारी एक ताई
यावल तालुका, जि. जळगाव